रेडिओला फुली

एखादी वस्तू कशाने घाण झाली हे माणसाला ठाऊक नसले, तरी ती कशाने साफ होते हे मात्र त्याला नक्की ठाऊक असते. आमच्या चिचटोल्यात असे नक्की ठाऊक असणारे पुष्कळ होते, आणि त्या सर्वांचे पुढारी भैयाजी. ते पंचायतीचे सरपंच होते. शाळेत तिसरीपर्यंत शिकले होते आणि चौथीपासूनचे सगळे त्यांना आपोआप येत होते.

गोष्ट पंचावन्न सालच्या श्रावणातली. गोंडपिपरीच्या पलीकडे तलावाच्या काठाला वसलेले आमचे गाव. वीज नव्हती, पण रेडिओ होता. लढाईच्या आधीचा, चार बल्बांचा, कोरड्या बॅटरीवर चालणारा. एक गोरा जंगलसाहेब विलायतेला जाताना तो मागे टाकून गेला आणि फिरत फिरत तो पंचायतीकडे आला. दोन वर्षे चावडीत बोलला. मग बॅटरी संपली. ती संपताच भैयाजींनी रेडिओ सुरक्षित राहावा म्हणून आपल्या गोदामात नेऊन ठेवला. एका बाजूला मोहफुलांची पोती, दुसऱ्या बाजूला जवसाची ढेप, वर सुकवलेल्या मासळीच्या टोपल्या. इतक्या सुरक्षित जागी तो दीड वर्ष राहिला आणि गाव त्याला विसरले.

तो पुन्हा आठवायला कारण झाली गोकुळा.

गोकुळा ढिवराची सून. नवरा तलावात जाळे टाकी, ती रोवणीला, कापणीला जाई. धानाच्या रोवणीत बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बाया ओळीने वाकतात, एक जण गाणे उचलते आणि बाकीच्या झेलतात. आमच्या गावात गाणे उचलायचा मान गोकुळाचा होता. वैशाखात ब्लॉकच्या एका साहेबाने दंडार, म्हणजे आमच्याकडचे लोकनाट्य, करणाऱ्या दोघा बुवांना नागपूरच्या रेडिओवर नेले, तेव्हा सोबत गोकुळालाही नेले. ती दोन दिवसांनी परत आली आणि म्हणाली, काचेच्या खोलीत उभे राहून मी रोवणीचे गाणे म्हटले, ते यंत्रात भरून ठेवले आहे, पुढे केव्हातरी ऐकवणार आहेत.

हे कोणाला पटेना. काचेची खोली असते हेच मुळी कोणाला पटेना. तिची थोरली जाऊ रंभा तर उघड म्हणू लागली की ही चांद्याच्या पुढे गेलीच नाही, टेसनावर भजी खाऊन परत आली. पुरुषांबरोबर गेलेली बाई म्हटल्यावर याहून वाईट बोलणारेही निघाले. आषाढात रोवणी सुरू झाली तेव्हा गोकुळाने पहिल्याच दिवशी गाणे उचलले आणि ते कोणी झेलले नाही. वीस बाया वाकून मुकाट्याने रोवत राहिल्या. थोड्या वेळाने रंभाने दुसरे गाणे उचलले, ते सगळ्यांनी झेलले. त्या दिवसापासून गोकुळा बांधीच्या कडेला, एका टोकाला, गप्प रोवत होती.

श्रावण लागता लागता तिच्या नावाने नागपूरहून पत्र आले. गावच्या शाळेचा मास्तर मी, म्हणून ती ते घेऊन शाळेत माझ्याकडे आली. अमुक शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, गावकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात तिचे गाणे ऐकवले जाईल, असे त्यात होते. मी ते तिला दोनदा वाचून दाखवले. मग आम्ही चावडीवर गेलो आणि तिथे तिसऱ्यांदा वाचले.

भैयाजींनी पत्र हातात घेतले, उलटे केले, पाठीमागे काही नाही हे पाहून त्यांना बरे वाटले. त्यांचे म्हणणे असे की कागदावर कोणीही काहीही लिहील. सोबत दादाजी होता. तो भैयाजींचा कारभारी. भैयाजी जे बोलतील त्याच्या शेवटच्या शब्दाला तो मान हलवी.

"रेडिओ काढू ना बाई, काऊन नाई काढू?" भैयाजी म्हणाले. "पन त्याच्यात तू नाई बोलली तं?"

"तं मी खोटी," गोकुळा म्हणाली.

"खोटी म्हंजे, साऱ्या गावापुढं कान धरून म्हनशीन?"

"म्हनीन."

दादाजीने मान हलवली. झाले, बोलणे पक्के झाले. पत्र खरे की खोटे याच्याशी आता कोणाला कर्तव्य नव्हते. जुने यंत्र बोलते की नाही यावर एका बाईचा खरेपणा ठरणार होता आणि यात काही चमत्कारिक आहे असे एकाही पंचाला वाटले नाही.

शुक्रवारला नऊ दिवस होते. रेडिओ बाहेर काढला. मी पाठीमागची फळी उघडली. आत मोहाच्या चिकट धुळीचा थर बोटभर बसला होता. कोपऱ्यात उंदराने कापसाचे घर करून सोडले होते. झुरळांची अंडी, मासळीचे खवले, कोळ्याची जाळी. बल्ब राखेत पुरलेल्या कांद्यांसारखे दिसत होते. तारा मात्र कुठे तुटलेल्या नव्हत्या आणि भोंग्याचा कागद फाटलेला नव्हता. घाण फार होती, नुकसान थोडे होते. आता नुकसान करायचे असेल तर ते साफसफाईनेच होणार, हे मला तिथेच दिसले.

कारण सल्ले सुरू झाले होते. केवळराम पंच म्हणाले, मातीतेलात, म्हणजे कंदिलाच्या रॉकेलात, बुडवून काढा, बैलगाडीचा आस तसाच साफ होतो. एकाने धुण्याचा सोडा सांगितला. एकाने चिंच आणि राख, कारण त्याच्या घरचा तांब्या तिने चकचकीत होतो. जंगल ठेकेदाराचा ड्रायव्हर पेट्रोल द्यायला तयार होता, आणि हे सांगताना त्याच्या तोंडात पेटलेली बिडी होती. रेडिओ आतून पाहिलेला यांपैकी एकही नव्हता. भैयाजींनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि हे सगळे एकापाठोपाठ एक लावावे असा निकाल दिला.

मी म्हटले, दोन दिवस थांबा.

मोठ्या माणसांना शिकवण्यात मी वेळ घालवत नाही. त्यांची पाटी आधीच भरलेली असते. मी मुलांकडे गेलो. फुटक्या कंदिलाच्या काचेचे तुकडे शाळेच्या खिडकीत ओळीने मांडले आणि प्रत्येकावर एकेका वस्तूचा एक थेंब टाकला. मातीतेल, सोड्याचे पाणी, चिंचेचे पाणी, रिठ्याचे पाणी, पेट्रोल, दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून आणलेले स्पिरिट. मुलांना सांगितले, साफ करणारी वस्तू जाताना मागे काय ठेवून जाते ते पाहा. पाहुणा कसा होता हे तो गेल्यावर कळते.

दुपारपर्यंत उन्हाची एक तिरीप आली तेवढ्यात पुष्कळ कळले. सोड्याने पांढरा डाग ठेवला. मातीतेल वाळलेच नाही, संध्याकाळी त्यावर धूळ आणि दोन चिलटे चिकटली होती. एका मुलीने घरून जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, जुनी वाटी आणली, तिच्यावर सोड्याचे पाणी टाकले तर ती काळी पडली. मी तिला म्हटले, रेडिओच्या आत स्टेशन धरायचे जे पातळ पत्रे आहेत ते याच जर्मनचे. पेट्रोलने माझ्या डब्याच्या झाकणावरचा रंग सोलला. स्पिरिट तेवढे उडून गेले आणि मागे काही राहिले नाही. मुले खूश झाली, म्हणाली, गुरुजी, सगळे स्पिरिटाने पुसू. मग मी शाईच्या दौतीवरची छापील अक्षरे स्पिरिटाने पुसून दाखवली. अक्षरे बोळ्यावर आली, दौत कोरी झाली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे एका दिवसात कळले, यावरून त्यांच्या बापांविषयी काय समजायचे ते समजावे.

रेडिओच्या बल्बांवर नंबर छापलेले असतात. समोरच्या काचेवर आकडे आणि गावांची नावे असतात. तिथे ओले काहीच नको. कोंबडीचे मऊ पीस फिरवावे आणि हात मागे घ्यावा. मी फळ्यावर तक्ता काढला, प्रत्येक जागेपुढे काय लावायचे ते, आणि काहीच लावायचे नाही तिथे दोन तिरक्या रेघांची खूण. मग तोच तक्ता चौथीच्या मुलांना शुद्धलेखन म्हणून सांगितला, म्हणजे एका दगडात दोन कामे. सर्वांत वळणदार अक्षराचा कागद चावडीवर लावायला निवडला. त्यात असे होते:

लाकडी पेटी : रिठ्याचे पाणी, फडके पिळून. पितळी टोके : स्पिरिटाचा बोळा. जर्मनचे पत्रे : कोरडे पीस. काच : फुली. बल्ब : फुली. कागदी भोंगा : फुली. बाकी काहीही लावू नये.

फळ्यावर मी खूण काढली होती, तोंडाने मात्र फुली म्हटले होते. मुलांनी ऐकले ते लिहिले. मी कागद तपासला. फु ऱ्हस्व, ली दीर्घ, शब्द शुद्ध होता. खाली बरोबरची खूण केली आणि सही केली.

बॅटरी चांद्यालाच मिळणार होती. गुरुवारी पहाटेच्या मोटारीने मी निघालो आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता चिखल तुडवत परत आलो. जाताना भैयाजींना बजावले होते की मी येईपर्यंत रेडिओला हात लावू नका. लावलाच तर कागद पाहून लावा. हे दुसरे वाक्य मी का बोललो कोण जाणे. तीस वर्षे शिकवून माणसाला ही सवय लागते, लिहिलेले वाचले जाईल असे त्याला वाटत राहते.

चावडीच्या पायरीवरच मोहाच्या दारूचा वास आला.

आत भैयाजी आणि दादाजी बसले होते. दोघांचेही डोळे लाल आणि चेहरे प्रसन्न. मध्ये पितळी ताट, ताटात फडक्यावर चारही बल्ब ओळीने मांडलेले, पाण्याच्या थेंबासारखे स्वच्छ. रेडिओची समोरची काच तर अशी निर्मळ झाली होती की आरपार सुई दिसत होती आणि सुईशिवाय काहीच दिसत नव्हते. दिल्ली गेली होती, मुंबई गेली होती, लंडन गेले होते. साहेबाच्या काळात नागपूरचे स्टेशन नव्हते, म्हणून मी त्याच्या जागी लाल शाईचा ठिपका दिला होता. तोही गेला होता.

मी एक बल्ब उचलून उजेडात धरला. नंबर नव्हता. दुसरा उचलला. तिसरा, चौथा. चौघे जुळ्या भावांसारखे, आणि कोणता कोणत्या भोकातून काढला हे दोघांपैकी एकालाही आठवत नव्हते.

"हे काय लावले?" मी विचारले.

"फुली," भैयाजी म्हणाले. "लच्छूच्या भट्टीची. पयल्या धारेची आहे गुरुजी, आगकाडी लावून पाह्यली, निळी जळे."

आमच्याकडे मोहाच्या पहिल्या धारेच्या कडक दारूला फुली म्हणतात. हे मला जन्मापासून ठाऊक होते. फक्त तक्ता लिहिताना ते ठाऊक नव्हते.

दादाजीने भिंतीवरचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचला. "काच, फुली. बल्ब, फुली. तुमीच तं लिवलं. आन् खाली काय आहे? बाकी काहीही लावू नये. आमी बाकी काईच नाई लावलं, गुरुजी. पान्याचा थेंब नाई."

"फुली म्हणजे खूण, दादाजी. चुकीच्या उत्तरावर करतो ती."

"आता तुमी खूण म्हनून राह्यले," दादाजी म्हणाला. "इथी तं सही आहे तुमची."

मी भोंगा पाहिला. तो कोरडा होता, कागदाला डाग नव्हता. मी विचारले, याला का नाही लावली?

"त्याले पुरली नाई," भैयाजी म्हणाले.

"किती आणली होती?"

दादाजीने भैयाजींकडे पाहिले. भैयाजींनी बाहेर पाहिले. दोन बाटल्या आणल्या होत्या असे पुढे कळले. चार बल्ब आणि वीतभर काच पुसायला दोन बाटल्या लागत नाहीत. पण त्यांनी उरलेली प्यायली म्हणून भोंगा वाचला. भैयाजींच्या सबंध कारकिर्दीत त्यांच्या पिण्याने गावाचे काही वाचले असेल तर तेवढेच.

गोकुळा रोवणीवरून तशीच आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला पदर खोचलेला. मी तिला काय झाले ते सांगितले. चार बल्ब, चार भोके. चुकीचा बल्ब चुकीच्या भोकात घातला तर रेडिओ बोलणार नाही, आणि आतली बारीक तार जळाली तर तो कधीच बोलणार नाही. अंदाजाने मी घालणार नाही.

"गुरुजींच्या कागदानं झालं," भैयाजी म्हणाले. "माज्यावर कोनी नोको बोलू. पन गोकुळे, आपलं बोलनं तं झालं आहे ना?"

म्हणजे बल्ब पुसले यांनी, कागद लिहिला मी, आणि कान धरायचे हिने. हा न्याय त्यांनी लाल डोळ्यांनी, मांडी न हलवता दिला.

गोकुळा ताटापुढे बसली. हात पदराला पुसून कोरडे केले आणि एक बल्ब उचलला. त्यावर दादाजीच्या बोटांचे ठसे होते, सुकलेल्या दारूचा चिकट ओघळ होता. घरोघरी बाया संध्याकाळी कंदिलाची काच जशी तोंडाशी धरतात तशी तिने तो धरला आणि हाऽ करून वाफ सोडली. ओले नको, असे मी म्हणणार होतो. माझे म्हणणे तोंडातच राहिले, कारण पुसायला उचललेला तिचा पदर अर्ध्यावर थांबला होता.

"गुरुजी," ती म्हणाली, "हे काय उमटून राह्यलं?"

काचेवर वाफ धरली होती आणि वाफेत नंबर होता. छापाची शाई गेली होती, पण जिथे शाई होती तिथे काच वाफ वेगळी धरत होती. मी वाचेपर्यंत तो विरला. तिने पुन्हा वाफ दिली, पुन्हा उमटला. मुलांच्या पुसलेल्या पाटीवर तोंडाची वाफ दिली की जुनी अक्षरे दिसतात, हे मी तीस वर्षे रोज पाहत होतो. मला ते सुचले नव्हते.

रेडिओच्या आतल्या पत्र्यावर प्रत्येक भोकाशेजारी नंबर ठोकलेले असतात. ठोकलेले असल्यामुळे ते फुलीला बधले नव्हते. गोकुळाला वाचता येत नव्हते, पण मी वाचून दाखवायच्या आधीच तिने एक बल्ब त्याच्या भोकापुढे धरला होता. वाफेतला आकडा आणि पत्र्यावरचा आकडा यांची वळणे ती डोळ्यांनी जुळवत होती. जाळ्याची गाठ पाहून ते कोणाच्या घरचे हे जी ओळखते, तिला चार आकडे काय जड. तिने जुळवलेले चारही मी वाचून पाहिले, एकही चुकला नव्हता.

"फुलीनंच वर आलं ते," भैयाजी दादाजीला म्हणाले. दादाजीने मान हलवली.

बल्बांची टोके मी स्पिरिटाच्या बोळ्याने पुसली. आतली धूळ पिसाने काढली, पत्र्यांमधली सावकाश, एकेका फटीतून. चुलीपासून दोन हातांवर ठेवून सगळे सुकवले. या कामाला तीन तास लागले आणि त्या तीन तासांत भैयाजी एकदाच बोलले, ते म्हणजे इतका वेळ का लागतो.

सहा वाजता चावडी भरली. जी माणसे ग्रामसभेला बोलावून येत नाहीत ती न बोलावता आली. गोकुळा कान धरणार हे ऐकून आली, गाणे ऐकायला एकही नाही. रंभा सर्वांत पुढे, मांडी घालून, लुगड्याची घडी मोडू नये अशी बसली होती. शेजारणीला सांगत होती की तिला काही वाईट वाटणार नाही, घरचीच आहे, चुकते माणूस.

मी बॅटरी जोडली. तार चिंचेच्या फांदीवर चढवली होती. बटण फिरवले. थोडा वेळ काही नाही. मग भोंग्यातून कढईत जिरे टाकल्यासारखा आवाज आला आणि चावडीतली कुजबुज थांबली. कोऱ्या काचेवर सुई कुठे न्यायची याला खूण नव्हती. मी डोळे मिटून केसाएवढी केसाएवढी फिरवत नेली. एका जागी तेलुगू लागले, एका जागी हिंदी बातम्या. मग मराठी. कोणीतरी धानावरच्या किडीविषयी सांगत होते. मी हात काढून घेतला.

किडीचे संपले. रेडिओतला माणूस म्हणाला, "आता ऐका चांदा जिल्ह्यातील रोवणीचे गाणे."

एवढेच म्हणाला. नाव घेतले नाही, गाव घेतले नाही.

भैयाजी याच क्षणाची वाट पाहत असल्यासारखे पुढे झाले. "नाव कुठी घेतलं? चांदा जिल्ह्यात बाया काय कमी आहेत?"

गाणे सुरू झाले.

*चिखलात पाय माजा, हाती हिरवी जुडी गं,*
*रोवत रोवत जाऊ बाई, बांधाच्या थडी गं.*

आवाज बारीक येत होता, नाकातून आल्यासारखा, मध्येच खरखर. बांधीत जो आवाज चार शेते ओलांडून जाई तो हाच, असे म्हणवत नव्हते. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मी गोकुळाकडे पाहिले. ती खांबाला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तिने आपला आवाज आयुष्यात कधी बाहेरून ऐकलेला नव्हता.

"ती मीच असन," ती हळूच म्हणाली. "पन माजा आवाज असा नाई."

"ऐकलं?" भैयाजी म्हणाले. "ऐकलं काय सगळ्यायनं? बाई सोताच सांगून राह्यली."

खरे बोलणाऱ्या माणसाचे हे असे होते. खोटी असती तर छाती ठोकून माझाच आवाज म्हणाली असती आणि निम्म्या गावाने मान्य केले असते. दादाजीची मान हलतच होती. कोणीतरी मागून म्हणाले, धर कान. रंभाने दयेने मान खाली घातली. रेडिओत कडवे फिरून दुसरे आले होते, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

रोवणीच्या गाण्याला पाठ केलेली कडवी थोडी असतात. बाकीची उचलणारी बाई तिथेच जोडते, आणि जोडताना जी मागे पडली, जिची पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, नीट नाही, तिचे नाव घालून चिडवते. ज्या बाईला ही सवय आहे तिला नागपूरच्या काचेच्या खोलीत उभे केले म्हणून ती सवय सुटत नाही. समोर बांधी नव्हती तरी तिच्या डोळ्यांपुढे बांधीच असणार.

*रंभा माजी जाऊ बाई, तिची पात वाकडी गं,*
*मोजाले आला बगळा, त्याची मान वाकडी गं.*

रंभाची मान वर झाली. शब्द एकदा गेले आणि चालीप्रमाणे दुसऱ्यांदा आले. या खेपेला भोंगा खरखरला नाही, प्रत्येक अक्षर चावडीच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले. नागपूरपासून जिथे जिथे रेडिओ असेल तिथे तिथे गेले.

रंभा उठून उभी राहिली. लुगड्याच्या घडीची तिला शुद्ध राहिली नाही.

"माजं नाव काऊन घेतलं तुनं?" ती गोकुळाला म्हणाली. "नागपुरात जाऊन माजं नाव घेतलं? त्या काचेच्या खोलीत उभी राहून?"

मागच्या बायांतून एक हसली, आणि तिच्यामागे सगळ्या.

"पात वाकडी होती ना बाई," गोकुळा म्हणाली. तिचा आवाज आता चार शेते ओलांडणारा होता. "म्हनून घेतलं."

"कोन म्हनते वाकडी होती? बांध वाकडा होता तिथं."

"बांध सरळ आहे, सरपंचायच्या खालच्या बांधीचा."

"मागल्या साली पानी किती होतं, विचार कोनालेही."

भैयाजी मध्ये पडले. त्यांनी हात वर केला, म्हणाले की आपले बोलणे वेगळे होते, मुद्दा नागपूरचा आहे, पातीचा नाही. त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. बायांनी दोन तट केले होते. त्या वर्षी त्या बांधीत रोवायला असलेल्या प्रत्येकीला पात आठवत होती, कोणाला सरळ, कोणाला वाकडी. केवळराम पंचांनी आपला बांध वाकडा म्हटल्याबद्दल भांडण काढले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तो बांध त्यांचा नाहीच. रेडिओत दुसरा कोणी खतांविषयी सांगू लागला होता. मी बटण बंद केले, बॅटरी नवी होती.

"त्या काचेच्या खोलीत," रंभा शेजारणीला ऐकवत होती, "इतकी मोठी खोली, साऱ्या राज्यात ऐकू जाते, आन् हिले दुसरं नाव नाई सुचलं."